कुंदाचा गळा आणि तिसरं कडवं

देवाने गळे वाटले त्या दिवशी मी रांगेत पुढे होते आणि कुंदा माझ्या मागे, हे मी कुठेही शपथेवर सांगायला तयार आहे. माझी पाळी आली तेव्हा तो कुणाशी तरी बोलत असावा. न बघता हाताला लागलं ते त्याने माझ्या घशात कोंबलं, बहुतेक कोळसा फोडायच्या यंत्राचा एखादा सुटा भाग. मग कुंदाकडे पाहून म्हणाला असेल, ये बाळ, तुझ्यासाठी वेगळा काढून ठेवलाय. कुंदा माझ्यापेक्षा दीड वर्षाने लहान. तिचा रंग उजळ, केस कमरेखाली, पहिल्याच स्थळाने होकार दिला, नवराही सरकारी नोकरीतला. यातल्या कशाचाही मला कधी हेवा वाटला नाही. नवऱ्याचा तर मुळीच नाही, त्याला मी जवळून पाहिलंय. पण तो गळा! आज माझ्या गुडघ्यांनी संप पुकारलाय, डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया झाल्यात, तरी फोनवर कुंदा नुसतं "हॅलो बाई" म्हणाली की माझ्या पोटात काहीतरी करपतं. मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात. त्या दोन अक्षरांतही तिने सूर लावलेला असतो.

आम्ही ऊर्जानगरच्या, म्हणजे पॉवर स्टेशनच्या वसाहतीतल्या, टाईप-टू क्वार्टरमध्ये वाढलो. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, आणि खिडकीत उभ्या धुराच्या चिमण्या. शांतता ही वस्तू मला फार उशिरा भेटली. पॉवर स्टेशनची घरघर दिवसभर पायांतून वर चढायची, भोंगा झाला की सायकलींचा लोंढा निघायचा, कंपनीची बस कोपऱ्यावर कण्हायची, कोळशाची गाडी तर आमच्या ताटातून जाते असं वाटायचं. मामाच्या गावी, चामोर्शीजवळ, पहिल्यांदा गेले तेव्हा दुपारी धानाच्या बांधावर मला इतकं ऐकू येईनासं झालं की मी बहिरी झाले म्हणून रडत सुटले. मामाने बैलाच्या गळ्यातली घंटा कानाशी वाजवली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. उन्हाळ्याबद्दल बोलायचं तर आमच्या गच्चीवर माय पापड वाळत घाली आणि भाजलेले खाली आणी. यावर पुण्याच्या माझ्या सुनेचा विश्वास बसत नाही. तिला एकदा मे महिन्यात नेऊन उभी करणार आहे.

बाबा कोळशाच्या खात्यात होते. ड्यूटीवरून आले की आधी अंगणात शिंकायचे आणि रुमाल माय स्वतंत्र बादलीत टाकायची. मामा दरवर्षी तांदळाचं पोतं पाठवी. ते पोतं आमच्या घरातलं एकमेव फर्निचर म्हणावं असं. त्याच्यावर रेडिओ बसे. दुपारी दीड वाजता फर्माइशीचा कार्यक्रम लागे. माय अंबाडीची भाजी निवडत बसे किंवा झिंगे पाट्यावर वाटत असे, त्या चटणीचा वास आणि रेडिओवरची गोड गाणी माझ्या डोक्यात अशी एकत्र बसली आहेत की आजही एखादं जुनं गाणं लागलं की मला भाकर खावीशी वाटते. सिनेमातली गाणी, बाजारात चाललेली, पानठेल्यावर वाजणारी, साऱ्या देशाने ऐकून ऐकून गुळगुळीत केलेली गाणी. मी त्यांच्यासाठी वेडी होते. शब्द, मधले वाद्यांचे तुकडे, गायिका कुठे श्वास घेते ते सगळं मला पाठ. आणि कुंदा? ती तांदळातले खडे वेचता वेचता सहज गुणगुणायची, तिचं लक्ष खड्यांत असे. "कोणतं गाणं होतं वं?" असं गाणं संपल्यावर मलाच विचारायची. जिला भूक नाही तिच्यापुढे रोज पंचपक्वान्नं वाढलेली पाहायची, आणि आपण उंबऱ्यात बसायचं, असं माझं बालपण गेलं.

कॉलनीतल्या कामगार कल्याण केंद्राचा ऑर्केस्ट्रा होता. तो चालवणारे वासेकर भाऊ बॉयलरवर कामाला, उरलेल्या वेळात हार्मोनियमवर. आम्ही दोघी चाचणीला गेलो. कुंदाने दोन ओळी म्हटल्या आणि भाऊंनी डोळे मिटले. मी दोन ओळी म्हटल्या आणि भाऊंनी डोळे उघडले. फार प्रेमळ माणूस. म्हणाले, "पोरी, आवाज तुहा दमदार आहे. आमच्या बॉयलरले असा आवाज असता तं आम्ही निश्चिंत झोपलो असतो." सगळे हसले. कुंदाही हसली, आणि हसताना तिचा सूर वरच्या षड्जावर गेला, ते मी टिपून ठेवलं.

पंक नावाचं विलायती संगीत आमच्याकडे आलं ते गुड्डूच्या पिशवीतून. गुड्डूचे वडील जबलपूरकडचे, टर्बाइनवर होते. त्याचा चुलतभाऊ मुंबईला हॉटेलात होता आणि कुणा परदेशी पाहुण्याने खोलीत विसरलेली कॅसेट त्याने याला दिली. शेजारच्या अलका रामटेकेच्या अंगणात आम्ही ती लावली. चार गोरी पोरं तीन सुरांवर ओरडत होती, जशी काही त्यांच्या शेपटीवरून मालगाडी गेली होती. अलकाच्या कोंबड्या खुराड्यात पळाल्या. गुड्डू म्हणाला, "ये गाना है कि झगडा?" आणि मी, मी तर उठून उभीच राहिले. ज्याला गळा नाही त्यालाही गाता येतं, किंबहुना नसला तर बरंच, असं कोणीतरी कुठून तरी एवढ्या लांबून मला सांगत होतं. आठ दिवसांत आमचा बँड उभा राहिला. नाव ठेवलं 'राखड', कारण चिमणीची राख आमच्या प्रत्येक वस्तूवर आधीच आपलं नाव लिहून जात असे. गुड्डू गिटारवर. अलका ढोलकी आणि डांबराच्या रिकाम्या पिंपावर. तिच्या वडिलांच्या भीमगीतांच्या पार्टीत ती लहानपणापासून वाजवायची, तिचा हात असा होता की पिंपाला पोचे पडत. मी ओरडायला.

सराव कुठे करायचा हा प्रश्नच होता, कारण ऊर्जानगरात कधीही अर्धं गाव रात्रपाळी करून झोपलेलं असे. मग आम्ही वाफेचा बंदोबस्त केला. अधूनमधून प्लांटचा सेफ्टी व्हॉल्व सुटायचा आणि असा गर्जायचा की समोरच्याचं बोलणं ओठांवरून वाचावं लागे. तो सुटला की आम्ही तिघं जिथे असू तिथून सायकल स्टँडमागे धावायचो आणि त्या आवाजात पोटभर वाजवायचो. एकदा व्हॉल्व बंद झाला तरी आम्ही थांबलो नाही, तर देखभालीची दोन माणसं नटबोल्टचे पाने घेऊन गळती शोधत आली. एकाने माझ्या तोंडाकडे पाना नेला होता असं मी गेली पस्तीस वर्षं सांगत आलेय. आता बदलणार नाही.

बँडचा एकच नियम होता आणि तो मी केला होता: फिल्मी गाणं तोंडातून निघता कामा नये. जो गुणगुणेल त्याने तिघांच्याही सायकलींवरची राख पुसायची. ती गाणी कशी मिळमिळीत, कशी लोकांना झोपवणारी यावर मी भाषणं द्यायचे. आणि भाषण देऊन घरी आले की पोस्टकार्ड घेऊन फर्माइशी लिहायचे, चामोर्शीहून बेबीताई आणि मंडळी अशा नावाने. एका दुपारी आम्ही अलकाच्या ओसरीवर बसलो होतो. शेजारच्या रेडिओवर निवेदिका नावं वाचत होती: राजुऱ्याहून राणी, लंगडी, कॅप्टन, भुरी आणि त्यांचा मित्रपरिवार. अलका एकदम पिंपाचा पोचा तपासायला लागली. मी अंगणात पाहिलं. राणी दाणे टिपत होती. लंगडी लंगडत होती. कॅप्टन कुंपणावर उभा होता.

"अलके," मी म्हटलं, "तुह्या कोंबड्या राजुऱ्याले कधी गेल्या होत्या वं?"

"मंग बेबीताई कोण आहे ते सांग आधी," ती म्हणाली. "तुहं कार्ड पोस्टात मीच टाकलं मागच्या बुधवारी. पायात पडलं होतं तुह्या."

आम्ही दोघींनी गुड्डूकडे पाहिलं. तो बिचारा गिटारची तार कसत होता. "यार, मेरा तो परसों लगा था," तो म्हणाला, "तुम लोग सुने नहीं क्या?"

मागे माझ्या मुलाने मला कुठून तरी वाचून दाखवलं की ती कॅसेटवरची गोरी पोरंसुद्धा तशीच होती म्हणे. बाहेर सगळ्यांना शिव्या, आणि घरी दार लावून आधीच्या पिढीची साखरेसारखी प्रेमगीतं. त्यांचे ते तीन सूरसुद्धा तिथूनच उचललेले. मुलाला मोठं नवल वाटलं. मला वाटलं नाही. ज्याच्यावर माणूस एवढा ओरडतो ते त्याला पाठ असतंच.

त्या दुपारी नियम मोडला आणि आम्ही ठरवलं की केंद्राच्या संमेलनात एक गाणं घ्यायचं, फिल्मीच, पण आपल्या तऱ्हेने. कोणतं ते मी ठरवलं. त्याचं नाव इथे सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही गुणगुणायला लागाल आणि माझ्याकडे लक्ष देणार नाही. एक बाई नदीकाठी कुणाची तरी वाट पाहत बसली आहे. पहिल्या कडव्यात ती रुसते, दुसऱ्यात रडते. रेडिओवर तेवढंच वाजायचं. पण मामाच्या गावी एका लग्नात लाउडस्पीकरच्या भोंग्यावाल्याकडे अख्खी रेकॉर्ड होती आणि तिच्यात तिसरं कडवं होतं. त्यात ती बाई उठते, पदराची माती झटकते आणि आपल्या घरी निघून जाते. मी भोंग्यावाल्याला ते चारदा लावायला लावलं आणि लग्नाच्या पत्रिकेमागे उतरवून घेतलं. रेडिओवाले ते कडवं कापत, त्यामुळे साऱ्या देशाची समजूत होती की ती बाई अजून तिथंच बसलीय. ती उठून गेली हे ऊर्जानगरात फक्त मला ठाऊक होतं. आता माझ्या बँडलाही.

आणि आठवड्याने कुंदा म्हणाली, "बाई, भाऊनं मले संमेलनात ते नदीवालं गाणं देल्लं. शब्द लिहून दे ना. मले काही पाठ राहत नाई."

मी विचारलं, "तुले आवडते ते?"

"गाणं काय, गाणंच आहे," ती म्हणाली. "पोपटी साडी नेसून राह्यली मी. चांगली दिसन ना त्याच्यावर?"

मी चिठ्ठी लिहून दिली. सुवाच्य अक्षरात. धृपद, पहिलं कडवं, दुसरं कडवं. तिसरं लिहिलं नाही. माझा हात थांबला तेव्हा मी स्वतःला सांगितलं की रेडिओवर तरी कुठे वाजतं ते. हे खोटं होतं आणि मला खोट्याची चव चांगली कळते. तिला गळा मिळाला होता, साडी मिळाली होती, मायच्या डोळ्यांतलं पाणी मिळणार होतं. म्हटलं, एवढं एक कडवं तरी माझ्याजवळ राहू दे.

सगळ्या पाळ्यांच्या लोकांना येता यावं म्हणून संमेलन दुपारी असे. पंखे गरम हवा ढवळत होते. आम्हाला वासेकर भाऊंनी सगळ्यात शेवटी ठेवलं होतं, लोक चपला शोधतात त्या वेळी. मी, अलका आणि गुड्डू पडद्यामागे पिंपावर बसून होतो. माय पहिल्या रांगेत, मांडीवर चिवड्याची पुडी. कुंदा आली, हातात चिठ्ठी, आणि गायली. कशी गायली हे मी लिहिणार नाही, कारण मला खोटं लिहावं लागेल आणि त्यात तिची निंदा येईल. दुसरं कडवं संपलं. मी टाळ्यांसाठी मन घट्ट केलं. पण भाऊंचं हार्मोनियम थांबलंच नाही. ते पुढच्या तुकड्यात शिरलं, तिसऱ्या कडव्याच्या.

भाऊ तालमीत नेहमी धृपद आणि एकच कडवं घ्यायचे, "बाकीचं तसंच" म्हणायचे. त्यांनी केंद्रातल्या जुन्या रेकॉर्डवरून गाणं बसवलं होतं, अख्खं. हे ना कुंदाला ठाऊक, ना मला. कुंदाने चिठ्ठी पाहिली. उलटी केली. पुन्हा सुलटी केली. गाणारा चुकला की ऑर्केस्ट्रावाले मधला तुकडा पुन्हा वाजवतात, ऐकणाऱ्याला वाटतं असाच आहे. त्यांनी तो पुन्हा वाजवला. मग आणखी एकदा. आता मात्र लोकांना कळलं. मागून कुणीतरी शिट्टी मारली. मायचा हात पुडीतच राहिला.

मी आयुष्यात पुष्कळ वाढवून सांगितलंय, पण हे मोजून मापून सांगते: मला आनंद झाला. छातीत गार वाटलं. एकदा, फक्त एकदा, तिला गळा असून उपयोग नव्हता.

"विजे, जाय ना!" अलका माझ्या दंडाला चिमटा घेत होती. "तुले येते ना ते! पाहून काय राह्यली?"

मी हलले नाही. तुकडा चौथ्यांदा सुरू झाला. मग भाऊंनी हार्मोनियमवरून एक हात उचलला, गाणं आटपायची खूण करायला. आणि मला ते सहन होईना. कुंदाचं काय व्हायचं ते होवो, पण ती बाई पुन्हा नदीवर बसून राहणार होती, तेही माझ्यामुळे, माझ्या डोळ्यांदेखत. मी पडद्याला तोंड लावलं आणि कुंदाच्या पाठीशी पहिली ओळ म्हटली. माझ्या आवाजात, जमेल तेवढी हळू. कुंदाचे खांदे दचकले. मग तिने ती ओळ गायली.

मी दिलेल्या प्रत्येक ओळीचं तिने काय केलं! इकडून मी खडबडीत गोटे टाकत होते आणि पलीकडे ते पाण्यात पडल्यासारखे वाजत होते. वर्षानुवर्षं मनातल्या मनात मला ते कडवं जसं ऐकू यायचं, हुबेहूब तसं, पण दुसरीच्या तोंडून. बाई उठली. माती झटकली. घरी गेली. सभागृहात पंख्यांशिवाय काही ऐकू येत नव्हतं, आणि मी पडद्याचा काठ दातांत धरून उभी होते. मायने डोळ्यांना पदर लावला. मग टाळ्या.

कुंदा आत आली. घाम पुसला, मडक्यातलं पाणी प्यायली, तांब्या जागेवर ठेवला.

"तुले ठाऊक होतं ते," ती म्हणाली.

"हो."

"चिठ्ठीत काऊन नाई लिहिलं?"

"जागा नव्हती."

"मागची बाजू कोरी होती, बाई."

तिने चिठ्ठी माझ्या हातात दिली. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. तेवढ्यात बाहेर आमचं नाव पुकारलं गेलं.

गुड्डूने तार छेडली आणि चपला शोधणारे लोक दचकून उभे राहिले. मी पहिलं कडवं ओरडले. "अवं, हे तं तेच गाणं!" कुणी तरी म्हणालं, आणि हशा झाला. दुसरं ओरडले. बॉयलरवाले बाकांवर ताल धरायला लागले, अलका पिंपावर अशी तुटून पडली की पुढच्या रांगेतल्या साहेबांनी पाय वर घेतले. मग तिसरं आलं. मी तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. शब्द सगळे समोर होते. पण आता ते तिच्या गळ्यातूनच ऐकू येत होते. माझ्या घशात त्यांना जागाच उरली नव्हती. गुड्डूने माझ्याकडे पाहिलं आणि तेच तीन सूर पुन्हा वाजवले. पुन्हा वाजवले. मायने मान खाली घातली.

मला वाटलं, कुंदा पडद्याआडून हसत असेल. तिचा हक्क होता. मी मागे पाहिलं तर पडद्याशी कोणी नव्हतं. ती मंचावर आली होती, पोपटी पदर कमरेला खोचत. तिने माझ्या हातातला माइक ओढला, अर्धा. अर्धा मी सोडला नाही. "घे," ती दात आवळून म्हणाली, "ओरड आता," आणि स्वतःच सुरू झाली. माझ्या बहिणीला कुणावर साधा आवाज चढवताना मी तोवर पाहिलं नव्हतं. ती सारं तिसरं कडवं माझ्या तोंडावर ओरडली, शिव्या घालाव्यात तसं, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मानेच्या शिरा फुगल्या होत्या. त्या तडाख्याने माझाही आवाज फुटला. दोघी एका माइकला धरून, कपाळाला कपाळ लावून, ती नदीवरची बाई आम्ही अक्षरशः हाकलत घरी नेली. बॉयलरवाले बाकांवर चढले. वासेकर भाऊंनी कानांवर हात ठेवले होते आणि पायाने ताल धरला होता.

त्यानंतर कित्येक दिवस लोक मला थांबवून म्हणत, "विजे, कशी ओरडत होती वं तुही बहीण!" मी हो म्हणायचे. मला दुसरंच आठवत असे. कपाळाला कपाळ लावून असताना, त्या गदारोळात, ढोलकी आणि पिंप आणि शिट्ट्यांच्या मधोमध, मी नीट कान देऊन ऐकलं होतं. मेली ओरडत होती तेही सुरात.